नकली पुडीची खरी कसोटी

तीव्र नैराश्यावर चिनी काढ्याचा गुण येतो का, हे तपासायचं तर निम्म्या रुग्णांना नकली काढा द्यावा लागतो. पण ज्याचा वास जिन्यापर्यंत पोचतो आणि कडवटपणा जिभेवरून हटत नाही, त्याची नक्कल करायची कशी? या प्रश्नापायी मी ग्वांगझूमधल्या एका रुग्णालयाच्या औषध विभागात गेले.

औषध होतं शियाओयाओ सान. सोंग राजवटीतल्या सरकारी औषधसंग्रहातलं हे सूत्र. छायहू, दांगग्वेई, पांढरा पिओनी, बायझू यांची मुळं, फूलिंग बुरशी, ज्येष्ठमध. सोबत आलं आणि पुदिना. यकृताची ‘ची’, म्हणजे प्राणशक्ती, कोंडली की मन खचतं, ही त्यामागची धारणा. भिजवणं, उकळणं, आटवून पूड करणं, सगळं यंत्रावर होतं. मी रेंगाळले ती कोपऱ्यातल्या टेबलापाशी.

तिथे पन्नाशीच्या एक बाई नकली पुडी जुळवत होत्या. डेक्स्ट्रिन, कॅरमेलचा रंग, थोडं कडू द्रव्य. रंग जुळला, चव जुळली. पण दांगग्वेईचा तो जडसर, गोडूस वास काही येईना. म्हणून खरं औषधही घालतात, दहा टक्के.

“तेवढ्यानेही गुण आला तर?” मी विचारलं.

“गुण यावा इतकं नाही, फरक कळू नये इतकंच,” दुभाष्या विद्यार्थ्याने त्यांचं उत्तर सांगितलं.

दोन पेले सहकाऱ्यांपुढे ठेवले. एकीने नुसत्या वासावरून खरा कुठला ते सांगितलं. अख्खी खेप बाद! बाईंनी निमूटपणे तराजू पुन्हा शून्यावर आणला.

एवढा आटापिटा कशासाठी, ते वरच्या मजल्यावर कळतं. नैराश्य मोजणाऱ्या, १९६० साली आलेल्या हॅमिल्टन मापनपट्टीचे १७ मुद्दे तिथे रुग्णाला विचारतात: झोप, अपराधीपणा, आत्महत्येचे विचार. कुणीतरी निवांत बसून ऐकतंय, यानेच माणसाला बरं वाटू लागतं. गुण दोन्ही गटांत दिसतो. औषधाचं श्रेय फक्त त्यांतल्या फरकाचं. वैद्यांची तक्रारही रास्त आहे. ते जीभ आणि नाडी पाहून दर भेटीत काढा बदलतात. चाचणीत सूत्र ठरलेलं.

तरीही माझा कौल टेबलापाशी बसलेल्या बाईंना. चाचण्यांचा ढीग म्हणजे पुरावा नव्हे. नैराश्यावरच्या ॲक्युपंक्चरच्या चाचण्या तपासणारा कोक्रेन संस्थेचा २०१८चा आढावा ६४ अभ्यासांचा, ७,१०४ रुग्णांचा होता. तरी बहुतेक पुराव्याचा दर्जा कमीच ठरला. आपल्या आयुर्वेदिक काढ्यांपुढेही हाच पेच आहे.

नैराश्याने ग्रासलेला माणूस कुठल्याही आशेला चटकन हात घालतो, आणि तिचा बाजार मांडणं फार सोपं असतं. म्हणून शतकांच्या परंपरेची ग्वाही मला पुरत नाही. दहा टक्केवाल्या पुडीपेक्षा पूर्ण मात्रेची पुडी सरस आहे, हे आधी दिसू द्या. तोवर चालू असलेल्या गोळ्या सोडायला कुणालाही सांगू नका.