टँकर आला नाही, ही बातमी कुणाची?
लेखांक पाचवा

मागच्या लेखात आपण आकाशवाणीच्या सांगली केंद्रापर्यंत आलो होतो. १९६३ सालचे सांगली घ्या किंवा आकाशवाणीने १९८४ मध्ये नागरकोइलला सुरू केलेले पहिले 'स्थानिक' केंद्र घ्या, माइक लोकांच्या जवळ आला तरी मालकी दिल्लीचीच राहिली. त्या मालकीला पहिला धक्का दिला तो सर्वोच्च न्यायालयाने. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी न्या. पी. बी. सावंत यांच्यासह तिघांच्या पीठाने प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. खटला होता क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाचा. त्यातून खेड्यापाड्यांच्या रेडिओची वाट निघावी, हे आपल्याकडेच घडू जाणे! अर्थात निकाल लागला म्हणून परवाने लगेच मिळाले नाहीत. २००२ मध्ये फक्त शिक्षणसंस्थांना मुभा मिळाली आणि स्वयंसेवी संस्थांसाठी दार उघडायला २००६ उजाडले.

त्या दारातून आत आलेल्या सुरुवातीच्या केंद्रांपैकी एक सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडचे. माण तालुका म्हणजे पावसाने पाठ फिरवलेला मुलूख. इथे १९९७ पासून महिलांची सहकारी बँक चालवणाऱ्या माणदेशी परिवाराने २००८ मध्ये ९०.४ मेगाहर्ट्झवर 'माणदेशी तरंग वाहिनी' सुरू केली. सामुदायिक रेडिओचा आवाका नियमानेच आखलेला असतो: साधारणपणे १०० वॅटची ताकद, ३० मीटरपर्यंतचा मनोरा आणि दहा-पंधरा किलोमीटरचा टापू. निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक पातळीवर तयार झाले पाहिजेत, अशीही अट आहे. म्हणजे इथल्या माणसांनी, इथल्या बोलीत, इथल्याच प्रश्नांवर बोलावे, हे सरकारलाही मान्य आहे. आणि तरीही याच धोरणात बातम्या व चालू घडामोडींना मनाई आहे. माझा आक्षेप या एका कलमापुरता आहे. स्थानिकपणाची सक्ती करायची आणि स्थानिक बातमी मात्र रोखायची, ही विसंगती आहे.

सरकार म्हणेल, सरसकट बंदी कुठे आहे? आकाशवाणीच्या बातम्या आहेत तशा लावायला परवानगी आहेच. शिवाय हवामान, परीक्षांचे निकाल, नोकरीच्या संधी, वीज-पाण्याविषयी स्थानिक प्रशासनाने दिलेल्या सूचना, हे सगळे 'बातमी' धरले जात नाही. पण यातली मेख 'प्रशासनाने दिलेल्या' या शब्दांत आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात म्हसवडला जनावरांची मोठी छावणी उभी राहिली होती. अशा उन्हाळ्यात तालुक्याला कोणती माहिती लागते? टँकर कोणत्या वाडीवर कधी येणार, चारा कुठे मिळणार. तहसील कचेरीने कळवले असेल तर हे रेडिओवर सांगता येते. टँकर ठरल्या दिवशी आलाच नाही, तर का आला नाही, हे विचारायला गेले की चालू घडामोडींची हद्द लागते. आकाशवाणीच्या बातमीपत्रात एका वाडीच्या टँकरला जागा मिळणार नाही, हे सांगायला नको.

बंदीच्या बाजूने दिले जाणारे कारण सुरक्षेचे आहे, आणि ते उडवून लावण्यासारखे नाही. लहान गावात जातीची, भावकीची, यात्रेतल्या मानपानाची भांडणे पेटायला वेळ लागत नाही. माइक कुणाच्या हाती आहे, हा प्रश्न तिथे शहरापेक्षा अधिक टोकदार असतो. पण या केंद्राचा पत्ता सरकारदरबारी नोंदलेला असतो, परवाना रद्द होऊ शकतो आणि प्रत्येक कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण तीन महिने जपून ठेवणे बंधनकारक असते. कुठून आला याचा थांगपत्ता न लागणारा मोबाइलवरचा निरोप तालुकाभर मोकळा फिरतो आणि बंदी मात्र ज्याला जाब विचारता येतो त्यालाच! मला अधिक अडचणीचा वाटतो तो दुसराच आक्षेप. केंद्र चालवणाऱ्या संस्थेचे स्वतःचे हितसंबंध असतात. तिच्या कामावर टीका करणारी बातमी तिचाच रेडिओ देईल का? बहुतेक वेळा कचरेल. मात्र याच कसोटीवर मालकाच्या कारखान्याविषयी मौन पाळणाऱ्या वृत्तपत्रांवरही बंदी घालावी लागेल. तिथे आपण मालकी उघड करा म्हणतो, छापखाना बंद करा म्हणत नाही.

'कॉमन कॉज' या संस्थेने रेडिओवरील बातमीबंदीविरुद्ध २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २०२४ च्या सुधारित धोरणाने सामुदायिक केंद्रांना जाहिरातींसाठी तासाला ७ ऐवजी १२ मिनिटे दिली. बातमीसाठी एक मिनिटही दिले नाही.