बीहडातील जमीन घेण्यापूर्वी

मुरारच्या पलीकडे, भिंड व मुरैना जिल्ह्यांत, चंबळ, क्वारी आणि सिंध यांच्या काठची जमीन घळींनी चिरली आहे. तिला तिकडे बीहड म्हणतात. पडीक म्हणून ती स्वस्त मिळते; शेतघराचे स्वप्न पाहणारे कुटुंब तिथेच भुलते.

खरेदीखतापूर्वी त्याने घळीचा तळ नव्हे, माथा पाहावा. पाणी खाली वाहते, परंतु घळ माथ्याकडून वरचे शेत खात उलट सरकते. पाऊस बहुतेक जुलै ते सप्टेंबर या 3 महिन्यांतच कोसळतो. म्हणून पहिला बांध माथ्यावर, घर व विहीर नंतर. माथा शेजाऱ्याच्या शेतात असेल तर त्याची संमती आधी मिळवावी. एरवी साठविलेली पुंजी मातीबरोबर वाहून जाईल. उतारावर नांगर न घालता गवत, बांबू, खैर लावावेत आणि काही वर्षे गुरांना मज्जाव करावा. गावची गुरे अडविणे मात्र बांध घालण्याहून कठीण!