ट्रॉम्बेचा मेकॅनिकल इंजिनियर

डॉ. अनिल काकोडकर म्हटलं की लोकांना आधी पोखरण आठवतं. १९७४ आणि १९९८ या तिथल्या दोन्ही अणुचाचण्यांत त्यांचा सहभाग होता, त्यामुळे ते साहजिकही आहे. पण १९६४ ते २००९ या कारकिर्दीतली कितीतरी वर्षं नळ्या, जोड, कंपनं आणि भेगा यांच्या मागे गेली. मला त्यांचं मोठेपण तिथे जास्त दिसतं.

जन्म १९४३ चा, बडवानीचा. वडील पुरुषोत्तम काकोडकर गोवा मुक्तिलढ्यातले. रुपारेल, व्हीजेटीआय, मग ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्राचं ट्रेनिंग स्कूल. १९६९ साली नॉटिंगहॅमला एम.एस्सी. केली तीही प्रायोगिक ताण-विश्लेषणात: भार आला की धातू नेमका कुठे आणि किती ताणला जातो, हे मोजायचं शास्त्र. यात अणू कुठेच नाही. पुढे उपयोगी पडलं ते हेच.

‘ध्रुव’ ही शंभर मेगावॅटची संशोधन भट्टी ८ ऑगस्ट १९८५ ला क्रिटिकल झाली, म्हणजे तिच्यातली साखळी प्रक्रिया स्वतःच्या बळावर चालू लागली. तिच्या आराखड्यात आणि उभारणीत काकोडकरांचा वाटा मोठा. कौतुक सुरू असतानाच अडचण उभी राहिली. शक्ती वाढवू लागताच जड पाण्याच्या वेगवान प्रवाहात इंधनाचे संच थरथरायला लागले, घासून त्यांचं आवरण झिजलं आणि युरेनियम पाण्यात उतरू लागलं. भौतिकीचं गणित बरोबर होतं, घोटाळा संच धरून ठेवणाऱ्या पकडीत होता. ती सुधारून भट्टी पूर्ण क्षमतेला न्यायला १९८८ उजाडलं.

वीज देणाऱ्या भट्ट्यांचं दुखणं आणखी किचकट. २२० मेगावॅटच्या जड पाण्याच्या भट्टीत ३०६ आडव्या नळ्या असतात. आत इंधन आणि जवळजवळ तीनशे अंश तापमानाचं पाणी, बाहेर दुसरी थंड नळी, दोन्हींत अंतर राखायला कडीसारख्या स्प्रिंगा. स्प्रिंग सरकली की आतली नळी वर्षानुवर्षं वाकत जाऊन बाहेरच्या नळीला टेकते. थंड पडलेल्या त्या जागी धातूतला हायड्रोजन गोळा होतो, नळी ठिसूळ होते. १९८३ साली कॅनडात पिकरिंगला अशी नळी फुटली आणि आपल्याकडेही हे प्रकरण ऐरणीवर आलं. किरणोत्सारामुळे माणूस आत जाऊ शकत नाही, त्यामुळे नळी तपासायची, स्प्रिंग जागेवर आणायची, वेळ आली तर नळीच बदलायची, हे सगळं दुरून चालणाऱ्या अवजारांनी. ती अवजारं इथेच घडवावी लागली, कारण १९७४ च्या चाचणीनंतर परदेशी तंत्रज्ञानाचे दरवाजे बंद झाले होते.

कल्पाक्कमच्या अणुवीज केंद्रात तर जड पाणी आत सोडणारे भागच भट्टीच्या पोटात तुटले. दोन्ही भट्ट्या १७० मेगावॅटवर चालवाव्या लागल्या, त्या मोडीत निघणार अशीही चिन्हं होती. शेवटी काही नळ्यांच्या जागी छिद्रांच्या नळ्या बसवून पाण्याला नवी वाट दिली गेली आणि भट्ट्या वाचल्या. त्यामागे काकोडकर होते. माझ्या मते हे काम पोखरणपेक्षा कमी नाही. त्याचे फोटो निघत नाहीत, एवढंच.

२००० ते २००९ ते अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते. तारापूरच्या ५४० मेगावॅटच्या भट्ट्या याच काळातल्या. अमेरिकेशी अणुकरार होताना फास्ट ब्रीडर, म्हणजे जळताना नवं इंधन तयार करणारी भट्टी, आंतरराष्ट्रीय तपासणीखाली द्यायचा नाही, हे त्यांनी जाहीरपणे सांगितलं आणि २००६ साली भट्ट्यांची नागरी आणि लष्करी अशी वाटणी झाली तेव्हा तो तपासणीबाहेरच राहिला. थोरियमच्या इंधनावर त्यांचा जीव होता, पण त्यासाठी आखलेली ३०० मेगावॅटची प्रगत जड पाणी भट्टी उभी राहिली नाही. जैतापूरच्या नियोजित अणुवीज प्रकल्पाची बाजूही त्यांनी उघडपणे घेतली. कोकणातल्या विरोधकांना ती पटली नाही. लोकांचा अविश्वास ताणमापकाने मोजता येत नाही.

निवृत्तीनंतर रेल्वे सुरक्षेचा आढावा घेणाऱ्या समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. २०१२ च्या अहवालात त्यांनी अधिक सुरक्षित एलएचबी डबे, रेल्वे फाटकं बंद करणं आणि रेल्वे मंडळापासून स्वतंत्र सुरक्षा प्राधिकरण सुचवलं. डबे आले, फाटकंही कमी झाली. प्राधिकरण तेवढं कागदावर राहिलं.