पाच किलो हवेचा हिशेब

गाडी सुटण्याआधी तिच्या ब्रेकची तपासणी होते. लखनौच्या चारबाग स्टेशनात मी ती गाडीच्या शेपटाकडून पाहिली. इंजिनाने दाबलेली हवा एकेका डब्याखालच्या नळीतून मागे येते आणि गार्डाच्या डब्यातल्या गेजचा काटा हळूहळू चढत जातो. इंजिनात ब्रेक पाईपचा दाब 5 किलो हवा, शेवटच्या डब्यात निदान 4.8. मग पुढे लोको पायलट ब्रेक लावतो. इथे काटा उतरतो आणि खालून फुस्स आवाज येत ब्रेक चाकांना भिडतात. हवा कमी झाली की ब्रेक लागतो, म्हणून नळी फाटली तरी गाडी आपोआप थांबते.

हे किलो दर चौरस सेंटिमीटरवरचे. जुन्या व्हॅक्यूम ब्रेकच्या काळात मात्र माप पाऱ्याचं होतं, इंजिनात 53 सेंटिमीटर. दोन्ही आकडे एका मापात आणले की रेल्वेने ती पद्धत का सोडली ते लख्ख दिसतं. 1 सेंटिमीटर पारा म्हणजे 0.0136 किलो, म्हणजे 53 चे झाले जेमतेम 0.72. नळीतली सगळी हवा उपसली तरी 76 सेंटिमीटर, म्हणजे 1.03 किलोच्या पुढे जाताच येत नाही. उलट एअर ब्रेकच्या आयसीएफ डब्यात ब्रेक सिलिंडरचा दाब 3.8 किलोपर्यंत जातो. 0.72 च्या पाचपटीहून जास्त! हा हिशेब मला कुठल्याही तांत्रिक वर्णनापेक्षा बोलका वाटतो.

चारबागहून कानपूरकडे निघालं की लगेच मानकनगर लागतं. रेल्वेची मानकं ठरवणारी आरडीएसओ ही संस्था 1957 पासूनची, तिचं ठाणं इथे. तिचं माप किलोचं, पण जर्मन घडणीचे एलएचबी डबे जिथून आले, त्या युरोपात ब्रेक पाईपचा दाब 5 बार धरतात. पाचाला पाच, म्हणून कुणी सोडून देईल. पण 5 बार म्हणजे 5.1 किलो. इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत घट चालते ती अवघी 0.2 ची, त्यातली निम्मी या एका गफलतीत जाते. शिवाय जास्त दाबाने भरलेल्या गाडीला कमी दाबाचं इंजिन लागलं, की फरक वाढेल तसे ब्रेक पुरते सुटत नाहीत आणि चाकं घासत राहतात.

म्हणून गेजच्या तबकडीवर बार आणि किलो, दोन्ही मापं छापलेली असावीत असं माझं स्पष्ट मत आहे. तोवर बारचे किलो करताना 1.02 ने गुणावं, आणि पीएसआय असेल तर 14.22 ने भागावं.