तापमापी खोटे बोलत नाही

ऊर्ध्वपातनाचा प्रयोग झाला की आम्हा शिक्षकांच्या कानांवर दोन तक्रारी हमखास येतात. 'सर, तापमान पुस्तकातल्याएवढे येत नाही' आणि 'सर, पदार्थ फारच थोडा मिळाला.' मग पुष्कळदा वहीत पुस्तकातलाच आकडा उतरवला जातो. शिकण्यासारखे जे होते, ते अशा वेळी खोडरबराने पुसले जाते.

आधी साधे पाणी घेऊ. मालेगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ४४० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० ऐवजी साधारण ७२० मिलिमीटर असतो. म्हणून तेथे पाणी सुमारे ९८.५ अंश सेल्सिअसलाच उकळते. वितळत्या बर्फात ० आणि उकळत्या पाण्याच्या वाफेत ९८.५ दाखवणारी तापमापी मालेगावात अगदी बरोबर आहे!

तरीही आकडा पटत नसेल, तर तापमापीचा फुगा कोठे आहे ते पाहावे. फुग्याचे वरचे टोक चंबूच्या बाजूच्या नळीच्या खालच्या कडेशी यायला हवे. फुगा त्याच्या वर असला, तर कंडेन्सरकडे वळणारी वाफ त्याला नीट वेढत नाही आणि तापमान कमी दिसते. तो द्रवात बुडाला, तर आपण वाफेचे नव्हे, द्रवाचे तापमान मोजतो. ते जास्त भरते.

आता इथाइल अॅसिटेटचा प्रयोग पाहू. पुस्तकात या एस्टरचा उत्कलनबिंदू ७७ अंश दिलेला असतो. पण पहिले थेंब ७० अंशांच्या आसपासच पडू लागतात. कारण एस्टर, उरलेले अल्कोहोल आणि पाणी यांचे मिश्रण ७६० मिलिमीटर दाबाला सुमारे ७० अंशांवर उकळते. मालेगावात ते आणखी दीड अंशाने खाली येईल. म्हणजे तापमापी सांगते, की हा पदार्थ अजून शुद्ध नाही. तो सोड्याच्या व कॅल्शिअम क्लोराइडच्या द्रावणांनी धुऊन, कोरडा करून पुन्हा ऊर्ध्वपातित करावा.

उताऱ्याचे काय? ६० ग्रॅम अॅसेटिक आम्ल आणि ४६ ग्रॅम अल्कोहोल यांपासून कागदावर ८८ ग्रॅम एस्टर मिळते. परंतु ही क्रिया उलटही होते, म्हणून ती सुमारे दोन तृतीयांशावर थबकते. तयार एस्टर हळूहळू बाहेर काढत राहिलो, तर ती पुढे सरकते. घाईने आच वाढवली, तर अल्कोहोलच क्रिया न होता निघून जाते. अशा वेळी भांडे भरलेले दिसते, पण त्यात एस्टर थोडेच असते. सेकंदाला एखादा थेंब, हा वेग पुरेसा आहे.

मालेगावच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि टाकीचे पाणी तापते. असे पाणी कंडेन्सरमध्ये सोडले, तर वाफ न थिजताच निसटते. स्टुलावर बर्फ घातलेल्या पाण्याची बादली ठेवून नळीने पाणी कंडेन्सरच्या खालच्या तोंडातून आत घ्यावे. जमा करायचे भांडेही गार पाण्यात ठेवावे. मात्र त्याचे तोंड घट्ट बंद करू नये आणि जवळ उघडी ज्योत नसावी, कारण ही वाफ चटकन पेट घेते.

वहीत ७७ लिहिणाऱ्यापेक्षा ६९ लिहून त्याचे कारण सांगणाऱ्या विद्यार्थ्याला आपण अधिक गुण द्यायला हवेत. प्रयोग त्यालाच समजला आहे.