‘गँगस्टर्स’ दुसऱ्या पर्वात बिघडली का?

बर्मिंगहॅम आणि गुन्हेगारी मालिका म्हटलं की आज पहिलं नाव ‘पीकी ब्लाइंडर्स’चं येतं. २०१३ ते २०२२, सहा पर्वं, आणि तिचा कर्ता स्टीव्हन नाइट त्याच शहराचा. त्यामुळे दोन समज सोबतच रूढ झालेत. एक, बर्मिंगहॅमच्या गुंडांवरची ही पहिली मालिका. दोन, ती तिथेच चित्रित झाली. दुसऱ्याचा निकाल पटकन लागतो. पडद्यावर दिसणारं बर्मिंगहॅम बरंचसं लिव्हरपूल, लीड्स आणि डडलीच्या ब्लॅक कंट्री म्युझियममध्ये उभं केलेलं आहे. पहिल्याचं उत्तर मात्र जरा लांबचं आहे, कारण ते ‘पीकी ब्लाइंडर्स’च्याही अडतीस वर्षं मागे जातं.

९ जानेवारी १९७५ला बीबीसीच्या ‘प्ले फॉर टुडे’ या सदरात ‘गँगस्टर्स’ नावाची फिल्म लागली. तिच्यातून १९७६मध्ये सहा भागांचं पहिलं पर्व निघालं आणि १९७८च्या सुरुवातीला आणखी सहा भागांचं दुसरं. लेखक फिलिप मार्टिन. ब्रिटिश गुन्हेगारी मालिकांच्या चाहत्यांत या मालिकेबद्दल एक ठरलेलं मत ऐकू येतं : पहिलं पर्व कडक, दुसरं वाया गेलं. या मताच्या आसपास बरेच गैरसमज साचले आहेत.

मुळात ही डिटेक्टिव्ह मालिका नव्हे. खून झाला, साहेब आले, पुरावे जुळवले, पन्नासाव्या मिनिटाला आरोपी सापडला, असलं इथे काही नाही. नायक जॉन क्लाइन (मॉरिस कोलबर्न) हा पूर्वी एसएएस या ब्रिटिश लष्कराच्या विशेष दलात असलेला, मनुष्यवधाची शिक्षा भोगून नुकताच सुटलेला गडी. तपास करणारा माणूस दुसराच आहे. तो खान, वेश पालटून वावरणारा सरकारी एजंट. अहमद खलीलने केलेला हा खान क्लाइनला हाताशी धरतो, वापरतो, वेळ पडली तर नाक दाबून तोंड उघडायला लावतो. गोरा नायक आशियाई अधिकाऱ्याच्या तालावर नाचतो आहे, ही मांडणी १९७६च्या ब्रिटिश टीव्हीवर सहजासहजी दिसणारी नव्हती.

‘या मालिकेत आशियाई लोक म्हणजे फक्त बदमाश’ हा आरोप तेव्हाही झाला आणि आजही होतो. त्यालाही पहिलं उत्तर खानच देतो. पण आरोप पूर्ण खोटा आहे असं मी म्हणणार नाही. सईद जाफरीने रंगवलेला रफीक बघा. वरून समाजाचा पुढारी, गोड बोलणारा, भाषेवर प्रेम करणारा. आतून चोरवाटेने माणसं आणून त्यांच्याच जिवावर पैसा करणारा. ‘शतरंज के खिलाडी’मधले जाफरी आपल्याला ठाऊक असतात ते नवाबी मिठ्ठास जिभेचे. तीच जीभ इथे सापासारखी चालते. रफीक एखाद्याला धमकी देतो तेव्हा आवाज चढवत नाही, उलट आणखी मऊ करतो, आणि समोरचा घाम पुसायला लागतो. हा खलनायक आहे, पण पगडी-मिशा चिकटवून उभं केलेलं सोंग नाही. शिवाय त्याचा धंदा हवेतून आलेला नव्हता. १९७३च्या आरंभी नवा स्थलांतर कायदा लागू झाला, सरळ वाट अरुंद झाली, आणि वाट अरुंद झाली की दलाल पैदा होतातच.

त्या वेळचं शहरही ध्यानात घ्यायला हवं. इनॉक पॉवेलचं स्थलांतरितांविरुद्धचं कुप्रसिद्ध भाषण १९६८मध्ये बर्मिंगहॅमच्याच एका हॉटेलात झालं होतं. २१ नोव्हेंबर १९७४ला शहरातल्या दोन पबमध्ये बॉम्ब फुटले, २१ माणसं गेली. त्यानंतर बरोबर सात आठवड्यांनी ही फिल्म लागली. शहराची बदनामी केली म्हणून लोक का चिडले असतील, हे समजायला एवढं पुरे.

आणखी एक समज असा की लंडनच्या साहेबांनी लांबून बसून हे शहर रंगवलं. वस्तुस्थिती उलटी आहे. मालिका बीबीसीच्या बर्मिंगहॅममधल्या पेबल मिल केंद्रातली. तिथल्या नाट्यविभागाचा प्रमुख डेव्हिड रोज याचं काम लंडनबाहेरचं लिखाण पडद्यावर आणणं हेच होतं. त्याने मार्टिनला शहरात पाठवलं. मार्टिन तिथे राहिला, क्लबांत बसला, लोकांशी बोलला आणि मग लिहिलं. याच पेबल मिलमधून ‘नयी जिंदगी नया जीवन’ हा हिंदी-उर्दू कार्यक्रम जायचा, आणि १९७८मध्ये कृष्णवर्णीय लेखक मायकल अ‍ॅबेनसेट्स यांची ‘एम्पायर रोड’ही तिथूनच निघाली. २००४मध्ये ते केंद्र बंद झालं, इमारतही पाडली.

आता मुख्य तक्रार. दुसऱ्या पर्वात गाडी रुळावरून उतरली ती का? नेहमीचं स्पष्टीकरण तयार असतं : माणसं बदलली असतील, लेखक कंटाळला असेल, कथा संपली असेल. पैकी पहिलं तर साफ चुकीचं. लेखक तोच, निर्माता रोजच, दिग्दर्शक अ‍ॅलिस्टर रीडही तोच. जे झालं ते ठरवून झालं.

काय झालं ते सांगतो. पहिल्या पर्वात हेरॉइन, अवैध स्थलांतर, क्लबांची मालकी, म्हणजे पेपरात येणारे विषय. दुसऱ्यात चिनी ट्रायड टोळ्या येतात, जुन्या स्वस्त सिनेमांच्या नकला येतात, आणि येतो ‘व्हाइट डेव्हिल’ नावाचा मारेकरी. हा भाडोत्री खुनी दिसतो, चालतो, बोलतो हॉलिवूडचा जुना विनोदी नट डब्ल्यू. सी. फील्ड्ससारखा. डोक्यावर उंच हॅट, नाकातून काढलेला लांबट आवाज. त्याचं काम केलंय कुणी? खुद्द फिलिप मार्टिनने. मूळ फिल्ममध्ये रॉलिन्सन नावाचा गुंड झालेला लेखक आता विदूषकाच्या वेशात येतो आणि आपल्याच नायकाचा जीव घेतो. एवढ्यावर भागत नाही. टाइपरायटरपुढे बसून हीच पटकथा लिहिणारा लेखकही आपल्याला पडद्यावर दिसतो, आणि अखेर पात्रं गोष्ट सोडून चालू लागतात.

संगीतसुद्धा हेच सांगतं. डेव्ह ग्रीनस्लेडची शीर्षकधून पहिल्या पर्वात नुसती वाद्यांवर वाजते. दुसऱ्यात तिच्यावर क्रिस फार्लोचा घसा फाडून गायलेला आवाज चढतो. आधी ताण, नंतर तमाशा.

याची बीजं पहिल्या पर्वातही होती. फिल्म सगळीच्या सगळी बाहेर चित्रित झालेली. मालिका मात्र त्या काळच्या रिवाजाप्रमाणे अर्धी रस्त्यावर फिल्मवर, अर्धी स्टुडिओत व्हिडिओटेपवर. दरवाजा उघडून पात्र आत आलं की प्रकाश बदलतो, भिंती पुठ्ठ्याच्या वाटतात. बाकीच्या मालिका हे लपवायचा प्रयत्न करत. मार्टिनने दुसऱ्या पर्वात ते लपवणंच सोडून दिलं. खोटं आहे ना, मग खोटंच दाखवू.

मला हा डाव धाडसाचा वाटतो, पण पूर्ण जमलेला नाही वाटत. वास्तवाशी फारकत घेताना हातातलं बर्मिंगहॅमही निसटलं. रफीकसारखं मुरलेलं पात्र गेलं आणि जागी जुन्या कादंबऱ्यांतल्या फू मांचूच्या वळणाचे चिनी खलनायक आले. थट्टाच आहे ती, मान्य; पण थट्टेतला चिनी माणूसही चिनी माणसालाच झेलावा लागतो. (गंमत म्हणजे त्या फू मांचूचा जनक सॅक्स रोमर हाही बर्मिंगहॅममध्येच, १८८३ साली जन्मलेला.)

‘नंतरची पर्वं नेहमी घसरतात’ हा सरसकट नियमही तपासून घेतलेला बरा. लांबलेल्या डिटेक्टिव्ह मालिकांचं दुखणं बहुतेकदा साधं असतं : पुस्तकं संपतात. ‘इन्स्पेक्टर मोर्स’ कॉलिन डेक्स्टरच्या तेरा कादंबऱ्यांवर बेतलेली म्हणून ओळखली जाते, पण भाग आहेत तेहतीस. बाकीचे नव्याने रचलेले. ‘डॅल्झील अँड पॅस्को’चंही तेच. आधी रेजिनल्ड हिलच्या कादंबऱ्या, पुढे टीव्हीसाठी लिहिलेल्या गोष्टी. गोष्ट यॉर्कशरची, निर्मिती मात्र बीबीसी बर्मिंगहॅमची.

आणि आपली ‘सीआयडी’? १९९८ला सुरू झाली तेव्हा शिवाजी साटमांचा प्रद्युम्न गंभीर चेहऱ्याने गुन्हा उलगडत होता. वीस वर्षांच्या प्रवासात दरवाजा तोडणं हेच एक स्वतंत्र पात्र झालं. तिथे हसू प्रेक्षकांनी आणलं, मालिकेने पुढे ते आपलंसं केलं. मार्टिनने प्रेक्षकांची वाट न पाहता बाराव्या भागाच्या आतच स्वतःची खिल्ली उडवून दुकान बंद केलं.

दुसऱ्या पर्वामुळे सगळ्यांची कारकीर्द बुडाली, हा शेवटचा समज. रीडने १९८७मध्ये ‘मोर्स’चा पहिलावहिला भाग दिग्दर्शित केला आणि १९८९मध्ये ‘ट्रॅफिक’ ही अमली पदार्थांच्या व्यापारावरची गाजलेली मालिका. मार्टिनने ‘डॉक्टर हू’साठी १९८५मध्ये ‘व्हेन्जन्स ऑन व्हॅरोस’ लिहिलं. त्यात लोक घरी बसून पडद्यावर माणसांचा छळ पाहतात आणि मतं देतात.