लिमिट स्विच वाढवताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

हौशी सीएनसीसाठी जर्मनी हा सोयीचा देश आहे. मेंडेनची स्टेपक्राफ्ट किंवा आयशेनत्सेलची ईझेल यांची तयार मशीन मिळतात. अ‍ॅल्युमिनियम प्रोफाइल मागवून केलरमध्ये, म्हणजे इमारतीच्या तळघरातल्या आपल्या खोलीत, स्वतः मशीन बांधणारेही पुष्कळ आहेत. ३०१८ सारख्या स्वस्त किटला मात्र बहुधा लिमिट स्विच नसतात, किंवा असले तरी एकाच टोकाला असतात. मग दुसऱ्या टोकालाही लावू असं ठरतं, पाच-सहा मायक्रोस्विच येतात, वायरी ओढल्या जातात आणि मशीन आधीपेक्षा जास्त वेळा अडून बसायला लागतं. अशा वेळी स्विचला दोष देण्याआधी काही समजुती तपासून घ्याव्यात.

गैरसमज: प्रत्येक नव्या स्विचसाठी बोर्डावर वेगळी पिन लागते.

वस्तुस्थिती: अर्डुइनो उनोवर चालणाऱ्या ग्रबल या कंट्रोल प्रोग्रॅममध्ये लिमिटसाठी तीनच पिना असतात: एक्स, वाय आणि झेड अशी प्रत्येक अक्षाला एक. दोन्ही टोकांचे स्विच त्याच पिनवर येतात. होमिंग, म्हणजे स्विच शोधून मशीनची मूळ जागा ठरवणं, कोणत्या दिशेने करायचं हे ग्रबलला $२३ या सेटिंगमधून कळतं, त्यामुळे एरवी गोंधळ होत नाही. फक्त मशीन सुरू करताना गॅन्ट्री, म्हणजे स्पिंडल वाहणारी सरकती कमान, विरुद्ध टोकाचा स्विच दाबून उभी असेल, तर कोणता स्विच दाबलाय हे बोर्डाला ओळखता येत नाही. आधी ती हाताने मागे घ्यावी. वेगळ्या पिनांची खरी गरज पडते ती वाय अक्षाला दोन मोटर असतील आणि गॅन्ट्री आपोआप काटकोनात यावी असं वाटत असेल तेव्हा. ती सोय ग्रबल-एचएएल किंवा फ्लुइड-एनसी या प्रोग्रॅममध्ये आहे.

गैरसमज: एनओ काय आणि एनसी काय, दाबल्यावर सिग्नल मिळाला की झालं.

वस्तुस्थिती: दाबल्यावर सिग्नल दोन्हींकडून मिळतो. फरक कळतो वायर तुटल्यावर. एनओ, म्हणजे एरवी उघडा असणारा स्विच. त्याची वायर तुटली तर बोर्डाच्या दृष्टीने सगळं आलबेल असतं आणि गॅन्ट्री टोकावर जाऊन आदळते. एनसी स्विच एरवी बंद असतो. हे स्विच दिवाळीच्या जुन्या माळेसारखे एकामागे एक जोडायचे: कुठेही तार तुटली की सर्किट तुटतं आणि मशीन थांबतं. ड्रॅग चेनमध्ये हजारो वेळा वाकणारी वायर कधीतरी तुटणारच. कोलोनची इगुस कंपनी अशा वापरासाठी खास लवचीक केबल बनवते, ती काही उगाच नाही. जर्मन दुकानात एनसीसाठी ‘ओफ्नर’ आणि एनओसाठी ‘श्लीसर’ मागायचा.

ग्रबल मुळात एनओ गृहीत धरतं, म्हणून एनसीसाठी $५ ची किंमत १ करावी लागते. ही सेटिंग सगळ्या अक्षांना एकदम लागू होते. एक्सला एनसी आणि झेडला एनओ असं मिश्रण तिने साधत नाही. झेडला स्विचच नसेल, तर ती मोकळी पिन ‘दाबलेली’ दिसते आणि अलार्म हटत नाही. तिला ग्राउंडला जोडून टाकायचं.

गैरसमज: कोणी न दाबता अलार्म येतो, म्हणजे स्विच खराब आहे.

वस्तुस्थिती: बहुतेक वेळा हा वायरीतून शिरणारा नॉइज असतो. उनोच्या चिपमधला पुल-अप, म्हणजे पिन एरवी ५ व्होल्टकडे ओढून धरणारा रेझिस्टर, २० ते ५० किलोओहमचा, म्हणजे तसा दुबळाच. त्याला दीड-दोन मीटर वायर जोडली, शेजारून स्टेपर मोटरची किंवा इन्व्हर्टरवरच्या स्पिंडलची केबल नेली, की ती वायर अँटेनासारखी वागते. इथेही एनसी सरस ठरतो, कारण एरवी त्याची लाइन थेट ग्राउंडला बांधलेली असते.

उपायांचा क्रम असा ठेवावा: सिग्नलची जोडी पीळ देऊन न्यावी, मोटरच्या केबलपासून दूर ठेवावी, शिल्डेड केबल वापरून शिल्ड फक्त कंट्रोलरच्या टोकाला ग्राउंड करावं, पिनपाशी बाहेरून तगडा पुल-अप आणि १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावावा. सगळ्यात भक्कम म्हणजे २४ व्होल्टवर चालणारं स्विचचं सर्किट आणि मध्ये ऑप्टोकपलर.

$२६ चा डिबाउन्स वाढवून हे अलार्म जात नाहीत. ती सेटिंग फक्त होमिंगच्या वेळी कामाला येते.

गैरसमज: प्रॉक्सिमिटी सेन्सर लावला की कटकट संपली.

वस्तुस्थिती: इंडक्टिव्ह सेन्सर मुळात इथलाच. मानहाइमच्या पेपेर्ल अँड फुक्सने तो १९५८ मध्ये बनवला. त्यात घासणारा संपर्क नसतो आणि लाकडाच्या भुशाचा त्याला त्रास नाही. पण त्यावर लिहिलेलं ४ मिमी अंतर पोलादासाठी असतं. अ‍ॅल्युमिनियम समोर असेल तर ते साधारण ४० टक्क्यांवर, म्हणजे दीड मिमीच्या आसपास येतं. म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या गॅन्ट्रीवर पोलादी स्क्रू बसवून सेन्सर त्याच्यासमोर आणावा.

नेहमीचे सेन्सर ६ ते ३६ व्होल्टचे असतात, ५ व्होल्टवर त्यांचा भरवसा नसतो. तपकिरी वायर प्लस, निळी मायनस, काळी सिग्नलची. पीएनपी सेन्सर काळ्या वायरीतून जवळपास पुरवठ्याइतकंच व्होल्टेज बाहेर देतो. २४ व्होल्टवर चालणारा असा सेन्सर उनोच्या पिनला सरळ जोडला की बोर्ड गेलाच म्हणून समजा.

गैरसमज: हार्ड लिमिट चालू केला की आणखी काही नको.

वस्तुस्थिती: हार्ड लिमिट, म्हणजे स्विच दाबला की मशीन थांबवण्याची सोय. तो लागताच ग्रबल मोटरना जाणारे पल्स तिथल्या तिथे तोडतं. वेग हळूहळू कमी करत नाही. चालती गॅन्ट्री जडत्वाने थोडी पुढे सरकू शकते, म्हणजे जागेचा हिशोब चुकला आणि पुन्हा होमिंग करणं आलं. रोजच्या कामात आडवा यायला हवा सॉफ्ट लिमिट ($२०). हद्दीबाहेर नेणारी आज्ञा तो आधीच अडवतो, मात्र त्यासाठी होमिंग ($२२) चालू असावं लागतं.

वेग कमी करत थांबणाऱ्या कंट्रोलरला जागा सोडावी लागते. मिनिटाला ३००० मिमी वेग म्हणजे सेकंदाला ५० मिमी. सेकंदाला २०० मिमी/सेकंद या दराने वेग उतरत असेल, तर थांबायला सव्वासहा मिमी लागतात. स्विच अगदी टोकाला बसवला, तर तो लागेपर्यंत उशीर झालेला असतो.

गैरसमज: लिमिट स्विच आहेत, मग लाल बटण कशाला?

वस्तुस्थिती: लिमिट स्विच अक्षांच्या हालचालीवर लक्ष ठेवतो, बाकी कशावर नाही. केलरमधल्या अनेक मशीनवर ४३ मिमी गळ्याची क्रेससारखी मोटर असते आणि ती भिंतीतल्या सॉकेटवर स्वतंत्र चालते. अलार्म येऊन अक्ष थांबले तरी कटर फिरतच राहतो. शिवाय लिमिटचा सिग्नल त्याच बोर्डातून आणि त्याच प्रोग्रॅममधून जातो. तो अडकला तर स्विच बिचारा काय करणार? ‘नोट-हाल्ट’चं लाल बटण प्रोग्रॅमला न विचारता स्पिंडल आणि मोटरचा पुरवठा तोडणारं हवं.

जोडणी झाल्यावर मोटरचा पुरवठा बंद ठेवून बोर्ड फक्त यूएसबीवर चालू करा. एकेक स्विच बोटाने दाबून प्रश्नचिन्हाची आज्ञा द्या. उत्तरात त्या अक्षाचं अक्षर दिसलं पाहिजे. मग प्रत्येक स्विचचा कनेक्टर उपसून पुन्हा विचारा. तेव्हाही तेच अक्षर दिसलं, तर जोडणी बरोबर आहे. काहीच दिसलं नाही, तर स्विच कितीही वाढवलेले असोत, तुटलेल्या वायरीची खबर देणारा त्यात एकही नाही.